बेशरमची चुलत बहीण

तांदळे गुरुजींचा मला पहिल्या पंधरा दिवसांतच राग आला होता. तो पुढे कमी झाला, पण पुरता कधी गेला नाही. खरं बोलणाऱ्या माणसाचं कौतुक लांबून करावं. त्याच्या शेजारच्या वर्गावर नोकरी करावी लागली, की कळतं काय ते.

आमची शाळा नेकनूरच्या पुढच्या एका गावात, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. मी रोज बीडहून बसनं यायची, फाट्यावर उतरायची आणि शेतांमधून दीड किलोमीटर चालत शाळा गाठायची. गुरुजी मूळचे धर्मापुरीकडचे. नोकरी लागली ती थेट कोकणात, समुद्राकाठच्या शाळेत. आमच्या जिल्ह्यातली निम्मी गुरुजी मंडळी अशीच तिकडं जातात आणि आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडं डोळे लावून बसतात. यांचा नंबर लागायला बारा वर्षं गेली. तिकडून परतणारा माणूस काजू आणतो, कोकम आणतो, सोडे आणले तर चोरून आणतो. आम्ही स्टाफरूममध्ये पिशवीकडं आशेनं बघत होतो. गुरुजींनी पिशवीतून तेलाचा जुना डबा काढला. त्यात वाळू मिसळलेली माती आणि वीतभर वेल.

"हे काय आणलं हो?" हेडसरांनी विचारलं.

"येल हाय. दर्याच्या कडंला असती."

"नाव काय?"

"त्ये इचारायचं राहून गेलं."

बारा वर्षं ज्या वेलीशेजारी राहिला तिचं नाव या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि ते त्यानं सरळ सांगितलं. मी असते तर काहीतरी ठोकून दिलं असतं.

बुटका, रुंद खांद्यांचा, केसांना भरपूर तेल लावणारा माणूस. शर्टच्या खिशात दोन पेनं, त्यातलं एक कायम बंद पडलेलं. बोलताना 'मला वाटतं', 'बहुतेक', 'असेल' हे शब्द त्यांच्या तोंडी कधी यायचे नाहीत. दोनच उत्तरं: "बघितलंय" आणि "बघितलं न्हाई". पोरांनी विचारलं, गुरुजी, पृथ्वी गोल हाय का? तर म्हणायचे, "पुस्तकात हाय. मी बघितलेली न्हाई. पर गलबत येताना आधी त्येची काठी दिसती आन् मग गलबत, हे मातर बघितलंय." आणि मग फळ्यावर खडूनं समुद्र. आमच्या पोरांनी पाणी म्हणजे बिंदुसरा नदीचं आणि टँकरचं पाहिलेलं. तासभर वर्गात चिटपाखरू हलायचं नाही.

पण हेच 'बघितलंय' आमच्या मुळावर यायचं. एकदा केंद्रप्रमुख अचानक आले. हजेरीपटावर पोरं अठ्ठेचाळीस, खिचडी अठ्ठेचाळिसांची. उन्हं तापलेली, अर्धी पोरं शेतात. साहेबांनी सहज विचारलं, "आज हजर किती?" हेडसर तोंड उघडणार, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "एकतीस. मोजलीत मी." झालं. हेडसरांना लेखी खुलासा, मला लेखी खुलासा, आणि गुरुजी शांतपणे वर्गात सातचा पाढा घेतायत. मी मधल्या सुट्टीत भांडायलाच गेले. म्हटलं, "गप्प बसता येत नव्हतं का?"

"इचारलं म्हनून सांगितलं, मॅडम. न्हाई इचारलं तर म्या कशाला सांगतो?"

मी परत फिरले आणि खुलासा लिहायला बसले.

वेल त्यांनी शाळेच्या कुंपणाशी लावली, पोरांच्या हात धुण्याच्या पाण्यावर. काळ्या मातीत ती रुजेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिनं अख्खं कुंपण झाकून टाकलं. पिंपळासारखी जाड पानं. फुलं मात्र मला कधी आवडली नाहीत, कारण मी सकाळी दहाला पोचायची आणि तोवर ती गळालेली असायची, भिजलेल्या कागदासारखी. मी एकदा चिडवलंही, "बारा वर्षं कोकणात काढून हे पोतेरं आणलंत होय?" ते हसले. "तुमी येळंवर येत न्हाई, मॅडम." मी दहाच्या ठोक्याला हजर राहणारी बाई. पुढे चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

गावानं वेलीला नाव दिलं ते वेगळंच. आमच्याकडं ओढ्याच्या कडेला बेशरम माजते. फिकट जांभळी फुलं, कितीही तोडा, पुन्हा फुटते, आणि विषारी. शेळ्या बेशरम खायला लागल्या की खंगत खंगत मरतात, हे शेंबडं पोरही जाणतं. या वेलीचं फूल पांढरं, पण आकार तसाच, नरसाळ्यासारखा. भिवा म्हणून एक ऊसतोडीला जाणारा बाप होता, रेणुका नावाच्या सातवीतल्या पोरीचा. त्यानं एकदा कुंपणाशी उभं राहून विचारलं, "गुरुजी, ही आपल्या बेशरमची कोन लागती?"

दुसरा कुणीही म्हणाला असता, छे, काहीही काय! गुरुजी म्हणाले, "चुलत बहीण. गारवेल, रताळं, बेशरम, ही समदी एकाच खानदानातली."

"मंग ही बी इखारी हाय का?"

"बिया खाऊ नयेत. बोंडं म्या सोताच तोडून जाळतो. पानाचं ठाऊक न्हाई, खाल्लेलं बघितलं न्हाई."

त्या दिवसापासून ती गावात बेशरमची चुलत बहीण झाली. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, गुरुजी, कधीतरी अर्धंच उत्तर द्या.

दसरा-दिवाळी झाली की आमचं गाव रिकामं व्हायला लागतं. टोळ्या ट्रकात बसून ऊसतोडीला निघतात. पोरं मागं ठेवली तर शिकतात. बरोबर नेली तर धाकटी भावंडं सांभाळतात, उसाचे शेंडे, म्हणजे वाढं, गोळा करतात, आणि पोरगी बारा-तेराची असेल तर पुढच्या वर्षी तिच्या हातात कोयता येतो आणि तिच्यासाठी जोडीदारही बघितला जातो. म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. शाळेच्याच दोन खोल्या, स्वयंपाकाला एक मावशी, आणि रात्री झोपायला एक शिक्षक. तो शिक्षक कायम तांदळे गुरुजी. आम्ही बाकीचे पाचच्या बसचे.

पहिल्या वर्षी एकदा माझी बस हुकली, म्हणून मी ते पाहिलं. दिवेलागणीची वेळ वसतिगृहाची सगळ्यात वाईट वेळ. दिवसभर हुंदडणारी पोरं त्या घटकेला एकदम गप्प होतात, मग एक जण रडतं आणि त्याचं बघून सगळी. आई कुठल्यातरी उसाच्या फडात. चुली पेटायच्या वेळेला आपली चूल नाही. मला ते रडणं ऐकून बसच्या फाट्यापर्यंत पळत सुटावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. गुरुजींनी पोरांना कुंपणासमोर ओळीनं बसवलं. प्रत्येकाला एक-एक कळी वाटून दिलेली. वेलीवरचीच, तोडलेली नाही. "हं. आपापल्या कळीवर डोळा ठिवा. डोळा काढला की ती लबाड उघडती." पिळलेल्या छत्रीसारख्या त्या लांबट कळ्या. पोरं नाक ओढत बघत राहिली. मग एक कळी थरथरली, पीळ सुटला आणि बघता बघता तळहाताएवढं पांढरं फूल समोर उभं. "माजी! माजी उघडली!" पोरगी उड्या मारायला लागली. ती रेणुका. मग दुसरी, मग पाचवी. शेवटचं फूल उघडलं तोवर अंधार पडला होता, मावशीनं ताटं मांडली होती आणि रडायची वेळ निघून गेली होती. मला माझ्या पोतेऱ्याची लाज वाटत होती.

दुसऱ्या वर्षीचं आता सांगते. काही टोळ्या आधीच गेल्या होत्या, त्यांची पोरं वसतिगृहात आली होती; भिवाची टोळी निघायला आठवडा राहिलेला. गुरुजी घरोघर फिरून पोरांची यादी करत होते. पोरी ठेवायला आईबाप कचरतात, आणि त्यांचंही चूक नाही. भिवा तर गेल्या वर्षी तयार झाला होता, यंदा अडूनच बसला होता. रेणुका अभ्यासात चांगली, पण घरी दोन वर्षांचं पोर. ते फडात कोण सांभाळणार? "सातवीपातुर आली, लई झालं," असं त्याचं म्हणणं. गुरुजी त्याच्या दारात पाच वेळा गेले. सहाव्या वेळेला तो म्हणाला, "बरं. ऱ्हाऊ द्या. पर काई झालं तर तुमी जबाबदार." यादीत रेणुकाचं नाव चढलं. बांधाबांध चालू होती म्हणून त्या आठवड्यात शेळ्या तिच्याकडं होत्या.

त्या सकाळी मी फाट्यावरून चालत येत होते. रेणुका बांधावर बसलेली, मांडीवर पुस्तक उघडं. शेळ्या खाली गुडघाभर उगवलेल्या ज्वारीत, पानं ओरबाडत. कोवळी हिरवी ज्वारी, त्यात काळ्या-पांढऱ्या शेळ्या. मला ते चित्र फार छान वाटलं. बीडमध्ये वाढलेली बाई मी. "काय वाचतेस गं?" म्हणून हाक मारली. ती दचकून उठली, शेळ्यांना हाकलायला धावली. मला वाटलं, दुसऱ्याचं रान आहे म्हणून घाबरली. मी पुढे निघाले.

कोवळ्या ज्वारीला पाण्याचा ताण पडला की तिच्या पानात विष उतरतं. जनावरानं ती खाल्ली की घटकाभरात फुगून कोसळतं. त्याला किराळ लागणं म्हणतात, आणि शेळ्या राखणाऱ्या पोराला चालायच्या आधी शिकवतात, की ज्वारीत शेळी घालायची नाही. हे मला त्या दिवशी दुपारनंतर कळलं.

साडेतीनच्या सुमाराला फाटकाशी गलका झाला. बाहेर आले तर भिवा आणि त्याचे दोन भाऊ. त्यांनी तीन मेलेल्या शेळ्या शाळेच्या दारात आणून टाकल्या होत्या. मागून गाव जमत होतं. रेणुका आईच्या मागं, पदर घट्ट धरून.

"गुरुजी भायेर या!" भिवा ओरडला. "बगा तुमच्या चुलत बहिनीनं काय केलं!"

गुरुजी हातात खडू घेऊनच बाहेर आले.

"काय झालं?"

"काय झालं म्हनं! घरला येताना कुंपनाला तोंड लावलं आन् तीन शेळ्या गेल्या. बगा की, पानं कुरतडलेली हायेत का न्हाईत?" कुंपणाच्या एका कोपऱ्यात दहा-पंधरा पानं खरंच कुरतडलेली होती.

"किती येळात गेल्या?"

"घटकाबरात. सकाळी घरला येऊस्तोवर. म्या दुपारी आलो तवा बघितलं."

गुरुजींनी शेळ्यांच्या फुगलेल्या पोटांकडं बघितलं. जमलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "आरं, ही तर किराळ दिसती बे. ज्वारीत गेलत्या का?"

"पोरीला इचारलं म्या आधी," भिवा म्हणाला. "म्हनली न्हाई. रेने, सांग. गेलत्या का ज्वारीत?"

रेणुका मान हलवत राहिली. नाही, नाही. तिचा चेहरा मला दिसला आणि सकाळचा बांध आठवला. ती आपल्या बापाला चांगली ओळखत होती. शेळ्या त्या घरातलं रोकड धन. पोरीनं पुस्तकाच्या नादात तीन शेळ्या मारल्या हे कळलं, तर वसतिगृह, शाळा, सगळं त्याच घटकेला संपलं असतं. तिचं पुस्तक चुलीत गेलं असतं आणि ती ट्रकात.

आणि मी पाहिलं होतं. अख्ख्या गावात मी एकटीनं. माझ्या तोंडाशी आलं होतं. मला गुरुजींची कीव येत होती आणि त्या घटकेला पोरीपेक्षा गुरुजींचंच मला जास्त लागत होतं, हेही खरं. दोन वर्षं त्यांच्या खरेपणावर मी चिडले, आणि आता तो माणूस खोट्यात मार खाणार? मी एक पाऊल पुढं टाकलं. म्हटलं, "एक मिनिट, सकाळी मी येताना..."

"मॅडम," गुरुजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमची बस जाईल."

बसला दीड तास होता.

मग ते शेळ्यांपाशी उकिडवे बसले. खडू खिशात ठेवला. एका शेळीचा जबडा दोन्ही हातांनी उघडला. मी त्यांच्या मागंच उभी होते. मला दिसलं, दातांत अडकलेलं लांब हिरवं पातं, मधोमध पांढरी शीर. ज्वारीचं. गुरुजींनी ते नीट बघितलं. बोटानं आत ढकललं आणि जबडा मिटला.

"काय दिसलं, गुरुजी?" म्हाताऱ्यानं विचारलं.

गुरुजी उठले. गुडघे झटकले. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं, कारण या माणसाचं 'बघितलंय' म्हणजे पंचनाम्यावर सही, हे केंद्रप्रमुखापासून सगळ्यांना ठाऊक.

"माझ्या येलीचं पान हाय," ते म्हणाले. "बघितलंय."

म्हातारा मागं सरकला. भिवा मात्र पेटला. तो काय काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. दर्याची घाण गावात आणली, लेकरं मारायला बसलाय, मास्तर हाय का वैरी. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. हेडसर एका बाजूला घाम पुसत होते. भिवाचा एक भाऊ अंगावर धावून आला, त्याला दोघांनी धरलं.

"चुकलं माजं," गुरुजी म्हणाले. "येल आत्ता उपटतो. माज्या घरच्या तीन शेळ्या रविवारी आनून बांधतो तुमच्या दारात. पर पोरीला ऱ्हाऊ द्या."

"कावून ठिवू? तुमच्या भरवशावर?"

मला वाटलं, हरलो आपण. शेळ्या गेल्या, वेल गेली, खोटंही बोलून झालं, आणि पोरगी जाणारच.

तेव्हा रेणुकाची आई बोलली. कांता नाव तिचं. चार माणसांत तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पोर कडेवर घेऊन ती नवऱ्याला म्हणाली, "चुकलं म्हनला न्हवं त्यो मानूस? चार लोकांत म्हनला. तुमच्या मुकादमानं कवा म्हटलंय? माजी पोरगी म्या त्येच्यापाशीच ठिवनार."

भिवानं तिच्याकडं बघितलं, शेळ्यांकडं बघितलं. "आदी येल काडा," म्हणाला.

गुरुजींनी कुऱ्हाड मागितली नाही. हातांनीच काढायला लागले. वेल चिवट, कुंपणाच्या तारांत दोन वर्षं गुंतलेली. ओढली की तारा करकरायच्या. पोरं वर्गाच्या दारात दाटीवाटीनं उभी. त्यातली एक लहान पोर रडत म्हणाली, "गुरुजी, माजी कळी हाय त्येच्यात." गुरुजी थांबले नाहीत. चार वाजले होते, त्या संध्याकाळच्या कळ्या फुगून आल्या होत्या. ढीग शाळेमागं नेऊन त्यांनी पेटवला. ओल्या पानांचा धूर सगळ्या गावात पसरला. माझी बस त्या दिवशी खरंच हुकली.

रात्री मी स्वयंपाकाच्या मावशीकडं राहिले. अंधार पडायच्या वेळेला पोरं सवयीनं कुंपणासमोर जाऊन बसली आणि उघड्या तारांकडं बघून रडली. गुरुजी त्यांच्यात बसून होते. त्यांनी कुणाला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलंच. म्हटलं, "मी पाहिलं होतं सकाळी. तुम्हाला कसं कळलं, की मला ठाऊक आहे?"

"तुमचं तोंड दिसत हुतं."

"खोटं बोललात तुम्ही."

"व्हय. बोललो."

"आणि ती वेल? पोरांनी आता काय बघायचं?"

त्यांनी हातांकडं बघितलं. तळहात तारांनी फाटले होते, त्यांवर हळद लावलेली. "लई अवघड झालं मॅडम," एवढंच म्हणाले आणि वर्गात गेले.

गुरुजी आता निवृत्त होऊन गावी असतात. त्यानंतरही दोन वर्षं आम्ही शेजारच्या वर्गांवर होतो, रोज भेटत होतो, एकदोनदा भांडलोही. पण ते मला दिसतात ते टोळी निघाली त्या सकाळचेच. मी नुकतीच फाट्यावरून पोचले होते. ट्रक शाळेसमोर उभा. भांडीकुंडी, गाठोडी, कोंबड्यांचं खुराडं, वर माणसं. वसतिगृहाची पोरं एका रांगेत, रेणुका गुरुजींच्या शेजारी. भिवा ट्रकच्या फळीवरून वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "गुरुजी! पोरीला पुन्ना तसलं इख दावू नका!"

"न्हाई दावत," गुरुजींनी हात जोडले.

रेणुकाला ते सहन झालं नाही. आठ दिवस तिनं दाबून ठेवलं होतं. तिनं एकदम पुढं होऊन बापाला हाक मारली, "दादा! दादा, शेळ्या म्या..."

भिवानं कानाला हात लावला. "काय म्हनती गं?" ड्रायव्हरनं इंजिन अजून चालू केलं नव्हतं.

गुरुजींनी तिचा दंड धरून तिला मागं फिरवलं. "रेणुका, घंटा दे."

शाळेला अजून वीस मिनिटं होती. ती त्यांच्याकडं बघत राहिली.

"घंटा दे म्हनतो न्हवं!" ते ओरडले. त्यांना ओरडताना मी तेव्हाच पाहिलं.

ती रडत रडत व्हरांड्यात गेली, हातोडी हातात घेतली आणि लोखंडी पट्टीवर घालायला लागली. एक, दोन, तीन. ती थांबेनाच. बाकीची पोरं गोंधळून प्रार्थनेला रांगा लावू लागली. भिवानं हात हलवून विचारलं, काय म्हणत होती? गुरुजींनी हातानंच सांगितलं, काही नाही, जा, जा. कांतानं पोराचा हात धरून तो लेकीच्या दिशेनं हलवला. ट्रक घरघरत निघाला आणि रेणुकाचे हात थांबले तोवर फाट्याच्या वळणाआड गेला होता.